ओळख न विचारणारी यंत्रं

भोसरीच्या पॅनल शॉपमध्ये

भोसरी एमआयडीसीतल्या एका पॅनल शॉपमध्ये सकाळची पाळी सुरू झाली होती. फिकट राखाडी रंगाची लोखंडी पॅनल्स भिंतीशी ओळीनं उभी होती. वायरमन मुलं तारांच्या टोकांना फेरूल चढवत होती, नंबर घालत होती आणि एकेक तार टर्मिनलमध्ये कसत होती. पॅनलमध्ये वर एमसीबी, त्याखाली चोवीस व्होल्टचा पॉवर सप्लाय, मधोमध यंत्रांना आज्ञा देणारा छोटा संगणक, म्हणजे पीएलसी. एका कोपऱ्यात हाताच्या पंजात मावेल अशी धातूची डबी होती. तिला पंखा नव्हता, स्क्रीन नव्हता. केबल खोचायला काही खाचा आणि वर लुकलुकणारे हिरवे दिवे, एवढंच. हा इंडस्ट्रियल स्विच. पीएलसी, ऑपरेटरसमोरचा टचस्क्रीन, मोटारीचा वेग सांभाळणारा ड्राइव्ह आणि बाहेरच्या जगाशी जोडणारा सिमकार्डाचा राउटर, या सगळ्यांचं बोलणं या डबीतून जातं.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘विश्वास’ हा विषय दिला, तेव्हा मला ही डबी आठवली. नळाला येणारं पाणी, सबस्टेशनमधून येणारी वीज, औषधाच्या कारखान्यातलं तापमान हे सगळं अशा डब्यांवर विसंबून असतं. आज्ञा देणारा माणूस खरोखर तोच आहे ना, हे डबी तपासून घेते, असं आपण गृहीत धरलेलं असतं. गेल्या काही वर्षांत हे गृहीतक पुन्हापुन्हा खोटं ठरलं आहे.

घरच्या संगणकाचा पासवर्ड चोरीला जातो म्हणजे काय, हे आता सगळ्यांना कळतं. इथला दोष त्याहून वेगळा. यात पासवर्ड चोरण्याची गरजच पडत नाही. यंत्र ‘तू कोण?’ हा प्रश्न विचारायला विसरतं, किंवा विचारतं आणि मिळालेलं उत्तर नीट न तपासता आत घेतं. सुरक्षेचं काम करणारे इंजिनिअर याला ‘ऑथेंटिकेशन बायपास’ म्हणतात. बँकेच्या ॲपमध्ये असं घडलं तर पैसे जातात. पंपाच्या पॅनलमध्ये घडलं तर अनोळखी माणसाच्या आज्ञेवरून मोटार बंद पडते.

कुंपण होतं तोवर

हे दोष निष्काळजीपणातून आले असं म्हणणं सोपं आहे, पण या यंत्रांचा जन्म पाहिला की चित्र बदलतं. १९७९ मध्ये मोडिकॉन या अमेरिकन कंपनीनं आपल्या पीएलसींना एकमेकांशी बोलता यावं म्हणून ‘मॉडबस’ ही संदेशांची पद्धत आणली. ती इतकी साधी आणि भरवशाची ठरली की आजही जगभरच्या कारखान्यांत चालते. भोसरीतल्या त्या पॅनलमध्येही ती होती. मॉडबसच्या संदेशात कुठल्या यंत्राला सांगायचं, काय करायचं, कुठल्या रकान्यात कुठला आकडा लिहायचा आणि वाटेत संदेश बिघडला का हे पाहण्यासाठी एक तपासणीचा आकडा, एवढंच असतं. आज्ञा कोण देतंय, हे लिहायला त्यात जागाच नाही.

ती जागा ठेवण्याचं तेव्हा कारणही नव्हतं. तार कंट्रोल रूममधून निघायची आणि मशीनपर्यंत जायची. तिला हात लावायचा तर गेटवरचा वॉचमन, मस्टर आणि सुपरवायझर या तिघांना ओलांडून यावं लागे. माणसाची ओळख कारखान्याचं कुंपण पटवून घेत होतं. यंत्राला ती वेगळी पटवावी लागत नव्हती.

मग तार कुंपणाबाहेर गेली. आधी रेडिओ आला, मग टेलिफोन, मग इथरनेट आणि शेवटी मोबाइलचं सिमकार्ड. या बदलाची किंमत पहिल्यांदा उघड्यावर आली ती २००० साली, ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्यात, मरूची परगण्यात. तिथल्या सांडपाण्याचे पंप रेडिओवरून चालायचे. ती यंत्रणा बसवणाऱ्या कंपनीतून बाहेर पडलेल्या एका माणसानं रेडिओ आणि लॅपटॉप घेऊन पंपांना खोट्या आज्ञा द्यायला सुरुवात केली. सुमारे आठ लाख लिटर सांडपाणी बागांमध्ये, ओढ्यांमध्ये आणि एका हॉटेलच्या आवारात वाहिलं. पंपांना त्या आज्ञा खऱ्याच वाटल्या, कारण आज्ञा पाठवणारा कोण हे पाहण्याची सोय त्यांच्यात नव्हती.

ईबेवरचा जुना स्विच

अशा घटनांनंतर उत्पादकांनी यंत्रांना पासवर्ड बसवले. दोष मात्र संपले नाहीत, त्यांनी जागा बदलली. याचं सगळ्यात बोलकं उदाहरण रग्डकॉमचं.

रग्डकॉम ही कॅनडातल्या ओंटारिओची कंपनी. कडाक्याची थंडी, रखरखतं ऊन, सबस्टेशनमधला विद्युतचुंबकीय गोंधळ, हे सगळं सोसणारे स्विच आणि सर्व्हर बनवणं ही तिची ख्याती. वीज कंपन्या, रेल्वे, रस्त्यांवरचे सिग्नल अशा ठिकाणी तिची उपकरणं बसली होती. सॅन फ्रान्सिस्कोत राहणाऱ्या जस्टिन क्लार्क या संशोधकानं ईबेवरून तिची दोन जुनी उपकरणं विकत घेतली. किंमत शंभर डॉलरपेक्षाही कमी. त्यांवरच्या फ्रेंच लेबलांवरून ती कॅनडातल्या कुठल्याशा सबस्टेशनमधून निघालेली दिसत होती. त्यानं आतलं फर्मवेअर, म्हणजे यंत्रातच बसवलेला प्रोग्राम, उलगडून वाचलं आणि त्यात त्याला ‘फॅक्टरी’ नावाचं एक खातं सापडलं.

हे खातं ग्राहकाच्या माहितीपुस्तिकेत नव्हतं आणि ग्राहकाला ते बंदही करता येत नव्हतं. त्याचा पासवर्ड प्रत्येक उपकरणासाठी वेगळा होता खरा, पण तो तयार व्हायचा त्या उपकरणाच्या मॅक ॲड्रेसपासून. मॅक ॲड्रेस म्हणजे नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राचा बारा अक्षरांचा क्रमांक. तो गुप्त ठेवण्यासाठी नसतोच. रग्डकॉमची यंत्रं तर लॉगिनच्या पडद्यावर स्वतःच तो दाखवत. त्या क्रमांकावर ठरलेलं गणित केलं की पासवर्ड हातात. ते गणित करायला काही ओळींचा प्रोग्राम पुरत होता.

क्लार्कनं एप्रिल २०११ मध्ये कंपनीला कळवलं. वर्ष उलटलं तरी ग्राहकांना सावध केलं गेलं नाही, तेव्हा एप्रिल २०१२ मध्ये त्यानं हा दोष जाहीर केला. त्यानंतर कंपनीनं फॅक्टरी खातं काढून टाकणारं नवं फर्मवेअर आणलं.

भोसरीच्या त्या पॅनल शॉपमधल्या एका तरुण इंजिनिअरला मी हा किस्सा सांगितला. त्याला नवल वाटलं नाही. तो म्हणाला, “मॅडम, असं खातं ठेवण्यामागे बहुतेक वेळा चांगलाच हेतू असतो. रात्री दोनला गिऱ्हाइकाचा फोन येतो, साहेब पासवर्ड विसरलो. लाइन बंद आहे. तेव्हा कंपनीला आत शिरायला काहीतरी वाट लागते.” ही अडचण खरी आहे. पण आणीबाणीसाठी ठेवलेली वाट ज्याच्या घरातून जाते, त्याला तिचा पत्ताच न देणं हे विश्वास मोडणं आहे. रग्डकॉमचा स्विच वापरणाऱ्या वीज कंपनीनं कितीही कडक पासवर्ड ठेवला असता, तरी त्याचा काही उपयोग नव्हता, आणि हे तिला ठाऊकही नव्हतं.

सगळ्यांची एकच किल्ली

दुसऱ्या प्रकारच्या दोषात गुप्त खातं नसतं, गुप्त किल्ली असते. यंत्र आणि त्याला आज्ञा देणारं सॉफ्टवेअर गणिती किल्लीच्या आधारे एकमेकांना ओळखतात. ती किल्ली प्रत्येक यंत्राची निराळी असेल तर ठीक. पण बिल्डरनं अख्ख्या वसाहतीतल्या सगळ्या फ्लॅट्सना एकाच किल्लीनं उघडणारी कुलपं बसवावीत, तसं मोठमोठ्या कंपन्यांनी केल्याचं उघड झालं आहे.

फेब्रुवारी २०२१ मध्ये रॉकवेल ऑटोमेशनच्या लॉजिक्स कंट्रोलरांबाबत, म्हणजे तिच्या पीएलसींबाबत, हेच जाहीर झालं. कंट्रोलरशी बोलणारं सॉफ्टवेअर अस्सल आहे हे पटवणारी किल्ली त्या सॉफ्टवेअरमधूनच काढता येत होती. ती मिळाली की कुणालाही कंट्रोलरला ‘मी तुझा अधिकृत इंजिनिअर’ असं पटवता येत होतं. दक्षिण कोरियातल्या सून्चुनह्यांग विद्यापीठातले संशोधक आणि कॅस्परस्की व क्लॅरोटी या सायबर सुरक्षा कंपन्या अशा तिघांनी हा दोष कळवला होता. गांभीर्याच्या मोजपट्टीवर त्याला दहापैकी दहा गुण मिळाले. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०२२ मध्ये, सीमेन्सच्या एस७-१२०० आणि एस७-१५०० या पीएलसींच्या मालिकांत एकच सामाईक गुप्त किल्ली असल्याचं आणि क्लॅरोटीच्या संशोधकांनी ती बाहेर काढल्याचं जाहीर झालं. सीमेन्सनं ही रचना २०१३ च्या सुमाराची असल्याचं सांगितलं. तेव्हा प्रत्येक यंत्राला वेगळी किल्ली देणं आणि ती सांभाळणं कारखान्यांना झेपणारं नव्हतं, असं तिचं म्हणणं. नव्या आवृत्तीत तिनं प्रत्येक यंत्राला स्वतंत्र प्रमाणपत्र देण्याची सोय केली.

रॉकवेलनं सुचवलेल्या उपायांपैकी एक मला फार मोलाचा वाटतो. या कंट्रोलरांच्या दर्शनी भागावर हातानं फिरवायची खरीखुरी चावी असते. ती ‘रन’वर ठेवली की आतला प्रोग्राम दुरून बदलता येत नाही. बदल करायचा तर माणसानं पॅनलपाशी येऊन ती फिरवावी लागते. प्रत्यक्षात ती चावी महिनोन्महिने ‘रिमोट’वर राहते, कारण इंजिनिअरला येण्याजाण्याचा त्रास नको असतो. दहापैकी दहा गुणांच्या दोषावरचा एक उपाय एका हाताच्या अंतरावर असतो आणि तो वापरलाच जात नाही.

तिसऱ्या प्रकारात तपासणी होते, पण ती कच्ची असते. जानेवारी २०२५ मध्ये मोक्सा या तैवानच्या कंपनीनं आपल्या ईडीएस-५०८ए मालिकेच्या स्विचमधला असा दोष जाहीर केला. लॉगिनच्या वेळी तपासणीचं काही काम ब्राउझर करतो, काही स्विच करतो. त्या कामाची रचना अशी होती की आतला तर्क बाहेरून वाचता येत होता. मग एकामागून एक अंदाज करत पासवर्ड गाठता येत होता, किंवा एमडी५ या जुन्या गणिती पद्धतीच्या कमजोरीचा फायदा घेऊन खोटी ओळख बनवता येत होती. एमडी५ भरवशाची राहिली नाही, हे चीनच्या गणितज्ञ वांग शियाओयुन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्येच जगाला दाखवलं होतं. वीस वर्षांनंतरही ती कारखान्यातल्या स्विचमध्ये पहाऱ्यावर उभी होती. मार्च २०२५ मध्ये त्याच कंपनीनं सबस्टेशनसाठी बनवलेल्या पीटी मालिकेतल्या काही स्विचमध्येही हाच दोष असल्याचं सांगितलं. मोक्सानं दुरुस्ती देऊ केली, हे तिच्या बाजूनं नोंदवायला हवं. दोष जाहीर करणारी कंपनी लपवणाऱ्या कंपनीपेक्षा कितीतरी बरी.

फिल्टर प्लांटवरची संध्याकाळ

हे सगळं आपल्याकडे प्रत्यक्षात कसं दिसतं, ते पाहायला मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका नगरपालिकेच्या फिल्टर प्लांटवर गेले. नदीकाठच्या जॅकवेलमधून पाणी येतं, तुरटी पडते, गाळ बसतो, वाळूतून पाणी गाळलं जातं, क्लोरीन मिसळतो आणि मग पाणी उंच टाकीत चढतं. पाळीवरच्या ऑपरेटरकाकांचा हात या कामावर इतका बसलेला होता की पंपाचा आवाज बदलला की ते गप्पा थांबवून कान देत.

पॅनलच्या दारावर मार्करनं एक मोबाइल नंबर लिहिला होता. आत स्विचच्या शेजारी दुहेरी चिकटपट्टीनं लावलेला सिमकार्डाचा राउटर होता, त्याचा अँटेना पॅनलला भोक पाडून बाहेर काढलेला. काका म्हणाले, “ताई, मोटार ट्रिप झाली की या नंबरावर फोन करायचा. ते पुण्याहूनच बघतात. दुरुस्त होण्यासारखं असलं तर तिकडूनच चालू करून देतात. पूर्वी माणूस यायला दिवस जायचा, गावात बोंब व्हायची.”

पासवर्ड कुणाला माहीत आहे, असं मी विचारलं. “ज्यानं बसवलं त्याला,” ते म्हणाले. “आम्हाला स्क्रीनवरचं स्टार्ट-स्टॉप तेवढं ठाऊक.”

नगरपालिकेच्या इंजिनिअरनं निविदेची प्रत दाखवली. पंपाची अश्वशक्ती, पाइपाची जाडी, पॅनलच्या पत्र्याची जाडी, रंगाचे थर, हमीचा काळ, सगळं तपशिलानं होतं. स्विच आणि राउटर मात्र ‘इतर आवश्यक साहित्य’ या एका ओळीत आले होते. पासवर्ड कुणी बदलायचा, फर्मवेअर कुणी अद्ययावत करायचं, दुरून कोण कधी आत आलं याची नोंद कुठे ठेवायची, याबद्दल एक अक्षरही नव्हतं.

अशाच एका पॅनलवर २५ नोव्हेंबर २०२३ रोजी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात हल्ला झाला. पिट्सबर्गजवळच्या ॲलिक्विपा या छोट्या गावाच्या पाणीपुरवठ्याचं एक बूस्टर स्टेशन शेजारच्या दोन वस्त्यांतला पाण्याचा दाब सांभाळतं. तिथल्या युनिट्रॉनिक्स या इस्रायली कंपनीच्या पीएलसीचा पडदा अचानक बदलला आणि त्यावर इस्रायलविरोधी मजकूर झळकला. धोक्याची घंटा वाजली, कर्मचाऱ्यांनी यंत्रणा बंद करून हातानं पंप चालवले आणि पाणी थांबलं नाही. अशी उपकरणं इंटरनेटला थेट जोडलेली होती आणि कारखान्यातून आलेला त्यांचा मूळ पासवर्ड होता ‘११११’. हे इराणच्या रिव्होल्यूशनरी गार्डशी संबंधित गटाचं काम असल्याचं अमेरिकी यंत्रणांनी सांगितलं. त्यांच्या हिशेबानुसार त्या मोहिमेत किमान ७५ उपकरणं हल्लेखोरांच्या हाती गेली, त्यातली किमान ३४ अमेरिकेतल्या पाणीपुरवठ्याची होती. आयर्लंडच्या मेयो परगण्यात अशाच हल्ल्यानं सुमारे १८० घरांना दोन दिवस पाणी मिळालं नाही.

तांत्रिकदृष्ट्या ‘११११’ हा बायपास नव्हे. तपासणी होते, पण उत्तर साऱ्या जगाला माहीत असतं. पंपापाशी उभं राहून पाहिलं तर दोन्हींचा परिणाम एकच. ॲलिक्विपाच्या गावकऱ्यांचं कुणाशी वैर नव्हतं. त्यांच्या पॅनलमधल्या यंत्रावर कुठल्या देशाचं नाव आहे, एवढंच हल्लेखोरांना पुरलं. ‘आमच्या लहानशा गावाकडे कोण बघतंय?’ हा दिलासा म्हणूनच खोटा आहे.

डबी मेली की

हल्लेखोर स्विचपर्यंत पोहोचला तर फार तर दिवे जातील आणि परत येतील, असं कुणाला वाटेल. युक्रेनमधला अनुभव वेगळा आहे. २३ डिसेंबर २०१५ च्या दुपारी तिथल्या तीन वीज वितरण कंपन्यांच्या कंट्रोल रूममध्ये ऑपरेटरांच्या डोळ्यांदेखत पडद्यावरचा बाण आपोआप फिरू लागला आणि एकेक ब्रेकर उघडत गेला. सुमारे सव्वादोन लाख ग्राहक अंधारात गेले. त्या वेळी हल्लेखोर चोरलेल्या पासवर्डनं आत आले होते. पण पुढे त्यांनी जे केलं ते या लेखासाठी महत्त्वाचं आहे. सबस्टेशनमधल्या यंत्रांची जुनी सीरियल भाषा आणि नेटवर्कची भाषा यांच्यामध्ये दुभाष्याचं काम करणाऱ्या छोट्या डब्यांवर त्यांनी बिघडवलेलं फर्मवेअर चढवलं. आलेलं फर्मवेअर अस्सल आहे का, हे त्या डब्यांनी तपासलं नाही. डब्या कायमच्या निकामी झाल्या.

त्यामुळे कंट्रोल रूममधून ब्रेकर परत लावता येईनात. माणसं गाड्या काढून कडाक्याच्या थंडीत सबस्टेशनवर गेली आणि त्यांनी हातानं ब्रेकर लावले. वीज काही तासांत आली. दुरून चालणारी यंत्रणा पूर्ववत व्हायला मात्र महिने लागले. हातानं ब्रेकर लावता येणारी माणसं त्या कंपन्यांकडे अजून होती, म्हणून निभावलं. जिथे सगळं दुरून चालतं म्हणून माणसं कमी केली, तिथे हे कसं निभावेल?

मुंबईकरांना १२ ऑक्टोबर २०२० ची सकाळ आठवत असेल. शहराची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या आणि कोविडच्या ऐन दिवसांत रुग्णालयांना जनरेटरवर यावं लागलं. पुढे रेकॉर्डेड फ्युचर या अमेरिकी कंपनीच्या अहवालानंतर राज्याच्या गृहमंत्र्यांनी घातपाताची शक्यता बोलून दाखवली, तर केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी कारण मानवी चूक असल्याचं सांगितलं. तो वाद बाजूला ठेवला तरी वीज गेल्यावर या महानगराचं काय होतं, ते त्या दिवशी आपण सगळ्यांनी अनुभवलं आहे.

दुरुस्ती कुठे अडते

दोष जाहीर होतो, फर्मवेअर येतं, तरी वर्षानुवर्षं ते यंत्रात चढत नाही. भोसरीच्या इंजिनिअरनं याचं कारण साध्या भाषेत सांगितलं. फोनचं अपडेट रात्री चार्जिंगला लावून होतं, स्विचचं होत नाही. त्यासाठी लाइन बंद करावी लागते. अनेक कारखान्यांत शटडाऊन वर्षातून एकदा मिळतो आणि त्यातही बेअरिंग, बॉयलर, क्रेन यांचा नंबर आधी लागतो. अपडेट फसलं आणि प्लांट सुरू झाला नाही, तर दोष ज्यानं ते चढवलं त्याच्यावर. न चढवल्याबद्दल मात्र आजवर कुणी त्याला जाब विचारलेला नाही.

“आणि खरं सांगायचं तर,” तो म्हणाला, “कमिशनिंगच्या दिवशी सगळ्यांना एकच विचारायचं असतं, पाणी कधी सुरू होणार? सगळ्या साइटला आम्ही एकच पासवर्ड ठेवतो, म्हणजे ड्युटीवर कुठलाही माणूस असला तरी काम अडत नाही.” माझ्याशी बोलताना त्याला यातला धोका स्पष्ट दिसत होता. गिऱ्हाईक वेगळे पासवर्ड मागत नाही आणि त्याचे पैसेही देत नाही, असं तो म्हणाला. मला ते पटलं. जे मागितलं जात नाही ते बाजार देत नाही.

सरकारी पातळीवर काहीच झालेलं नाही असं नाही. देशाच्या अत्यावश्यक यंत्रणांच्या रक्षणासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७०अ खाली २०१४ मध्ये एनसीआयआयपीसी ही संस्था उभी राहिली. वीज क्षेत्रासाठी केंद्रीय विद्युत प्राधिकरणानं २०२१ मध्ये सायबर सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वं काढली. सायबर घटनांची दखल घेणाऱ्या सर्ट-इन या सरकारी संस्थेच्या २०२२ च्या आदेशानं सायबर घटना सहा तासांत कळवणं बंधनकारक केलं. पण ज्या प्लांटवर मी गेले, तिथल्या निविदेत यातलं काहीच उतरलेलं नव्हतं. घटना घडली हे कळायला आधी कुणीतरी नोंदी पाहाव्या लागतात, आणि त्या राउटरच्या नोंदी कुणी पाहत नव्हतं.

यातले बरेचसे उपाय महाग नाहीत. पीएलसी आणि स्विच थेट इंटरनेटला जोडू नयेत. दुरून यायचं तर वेगळ्या सुरक्षित वाटेनं, दोन टप्प्यांची ओळख पटवून आणि प्लांटवरच्या माणसानं होकार दिल्यावरच यावं. कंट्रोलरची चावी ‘रन’वर ठेवावी. प्रत्येक साइटचा पासवर्ड निराळा असावा आणि तो सीलबंद पाकिटात कार्यालयाकडे असावा. बसवणाऱ्याचं खातं काम संपल्यावर बंद व्हावं. उत्पादक किती वर्षं फर्मवेअर देणार, हे त्यानं लेखी द्यावं. आणि ऑपरेटरकाकांसारख्या, आवाजावरून पंप ओळखणाऱ्या माणसांना हातानं प्लांट चालवण्याचा सराव कायम राहावा. सगळे उपाय हरले तर शेवटी तीच उपयोगी पडतात.

वाचकांपैकी कुणी नगरसेवक असतील, पाणीपुरवठा समितीवर असतील, कारखान्यात खरेदी पाहत असतील किंवा सोसायटीच्या पंपाचं बिल मंजूर करत असतील. पुढच्या निविदेवर सही करण्याआधी त्यांनी तीन गोष्टी लेखी मागाव्यात. या यंत्रात आमच्या माहितीबाहेरचं एकही खातं नाही, याची हमी. दुरून आत येऊ शकणाऱ्या प्रत्येकाचं नाव. आणि दोष सापडल्यावर तो कोण, किती दिवसांत दुरुस्त करणार, याचं उत्तर. हे विचारायला इंजिनिअर असण्याची गरज नाही. पाणीपट्टी भरणाऱ्या प्रत्येकाला तो अधिकार आहे, आणि तो यंदाच वापरायला हवा.